प्रदर्शन उतरवण्याचं सामान आणि माणसं : कोकणच्या दमट हवेत काय टिकतं, काय नाही

चित्रप्रदर्शन लावावं कसं हे सांगणारे पुष्कळ भेटतात, उतरवण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, अलिबाग इकडे प्रदर्शनं भरतात ती बहुतेक वाचनालयाच्या सभागृहात, शाळा-कॉलेजच्या हॉलमध्ये, नाहीतर एखाद्या जुन्या वाड्याच्या ओटी-पडवीत. शेवटच्या दिवशी रात्री आठला दार लागतं, हॉलवाल्याला अकराच्या आत जागा रिकामी हवी असते, आणि आठवडाभर जपलेली चित्रं तेवढ्या वेळात कशीबशी टेम्पोत चढतात. चित्राला लागायचा तो मार बहुधा त्या तीन तासांतच लागतो.

हे परीक्षण त्या कामाला लागणाऱ्या सामानाचं आणि पैसे देऊन मिळणाऱ्या मदतीचं आहे. हिशोब धरलाय तो चाळीस फ्रेम केलेल्या चित्रांचा, बाहेरून साधारण 22 बाय 34 इंच, सोबत पाच-सहा लहान शिल्पं. सामान सगळं तालुक्याच्या गावी हार्डवेअर, पॅकिंग मटेरियल आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. ज्यांना एवढंच वाचून दुकान गाठायचंय त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो : सनपॅक शीट (नळीदार प्लॅस्टिकचा पत्रा), धुतलेलं जुनं सुती कापड, आणि हॉलचं अर्ध्या दिवसाचं जादा भाडं, या तिन्हींवर खर्च करा. बबल रॅप कमी आणा. तपकिरी टेप त्याहून कमी.

सामानाच्या आधी हवा

दोन आकडे डोक्यात असले की बाकीच्या निवडी सोप्या होतात. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, आणि किनाऱ्यावर असे दिवस पावसाळ्याबाहेरही येतात, तर त्या हवेचा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे 26 पेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी जमणार. एसी हॉलमध्ये 24 अंशांवर असलेलं काचेचं चित्र उघडं बाहेर आणलं की मिनिटभरात काच घामेजते ती यामुळे. बाहेरच्या बाजूची काच पुसता येते. चौकटीच्या फटीतून आत गेलेली दमट हवा मात्र काचेच्या आतल्या अंगाला आणि माउंटला (काचेखाली चित्राभोवती असते त्या पुठ्ठ्याच्या कडेला) ओल धरते, तिथं हात पोचत नाही.

उलट त्याच एसी हॉलमधल्या 24 अंश आणि 55 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू जेमतेम 14-15 अंश. ती हवा आत ठेवून पॅकिंग बंद केलं तर आतलं चित्र पुष्कळ गार झाल्याशिवाय आत पाणी सुटत नाही. म्हणून एसी हॉल असेल तर एसी चालू ठेवून, आतच, पूर्ण गुंडाळून, टेप लावून मगच चित्र दाराबाहेर काढावं. ओल जमली तर ती पॅकिंगच्या बाहेरच्या अंगाला जमेल.

एसी नसलेल्या हॉलमध्ये नेमकं उलटं. तिथली 30 अंशांची दमट हवा प्लॅस्टिकमध्ये कोंडून गाडी रात्री आंबा घाटाने कोल्हापूरला किंवा आंबोलीने बेळगावला निघाली, की वर जाताना हवा गार होते. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटर आहे, नुसत्या उंचीने चार-पाच अंशांचा फरक पडतो, थंडीच्या रात्री त्याहून कितीतरी जास्त. आतली हवा 26 च्या खाली गेली की प्लॅस्टिकच्या आतून थेंब सुटतात आणि ते रंगावर बसतात. वरून एक थेंब पाऊस न लागताही चित्र भिजतं ते असं.

जादा भाड्याची शिफारसही याच कारणाने. आर्द्रता सर्वांत जास्त असते ती रात्री उशिरा आणि पहाटे, सर्वांत कमी दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ उतरवणीला मिळाली तर निम्मा प्रश्न सामानाआधीच सुटतो. हॉल ठरवतानाच ही गोष्ट बोलून घ्यावी, शेवटच्या दिवशी मागितली तर मिळत नाही, कारण दुसऱ्या दिवशीचं लग्न किंवा शिबिर आधीच लागलेलं असतं.

अंगालगतचा थर

एसी नसेल तेव्हा प्लॅस्टिक कधीही चित्राच्या किंवा चौकटीच्या थेट अंगाला लावू नये. आधी ओल शोषून घेणारं काहीतरी हवं. इथं सर्वांत सरस ठरतं ते जुनं धोतर किंवा नऊवारी सुती लुगडं. दोन अटी : खळ नसावी आणि ते उन्हात कडक वाळवून त्याच दिवशी वापरलेलं असावं. खळीवर कसर लागते, आणि सादळलेलं कापड चित्राला ओल देण्याचंच काम करतं. एका नऊवारीत असली पाच-सहा चित्रं निघतात. कापड पुन्हा धुऊन वापरता येतं, कागदापेक्षा स्वस्त पडतं आणि हाताळताना आवाज करत नाही. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण चार माणसं घाईत काम करत असताना फ्रेम तडकल्याचा बारीक आवाज ऐकू येणं महत्त्वाचं असतं.

कापड नसेल तर छपाई नसलेला कोरा न्यूजप्रिंट चालतो. छापील वर्तमानपत्र नको. दमट हवेत त्याची शाई सुटते आणि पांढऱ्या माउंटवर अक्षरं उमटतात.

ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, ऑनलाइन सहज मिळतो आणि मोठ्या गॅलऱ्या तो वापरतात म्हणून लोक मागवतात. कोरड्या हवेत तो उत्तमच आहे. इथं तो ओल घेऊन सुरकुततो आणि त्या सुरकुत्यांचा ठसा मऊ रंगावर राहू शकतो. कागदावरची चित्रं एकमेकांपासून वेगळी ठेवायला, एक-दोन दिवसांपुरता, वापरायला हरकत नाही. ॲक्रिलिकच्या पृष्ठभागावर दाबून ठेवायला नको. ॲक्रिलिक रंग वाळल्यावरही उष्णतेत मऊ होतो, एप्रिल-मेमधल्या बंद टेम्पोत तो चक्क चिकट होतो आणि जे टेकेल ते धरून ठेवतो. अशा चित्रांना पृष्ठभागाला काहीच टेकू न देणं हा खरा उपाय : चारही कोपऱ्यांवर फोमचे तुकडे बसवायचे आणि त्यांच्यावर शीट, मध्ये बोटभर हवा. जाड थराच्या तैलचित्रांचंही तेच. वरची साय वाळलेली असते, आत रंग कित्येक महिने ओला असतो. पेस्टल आणि चारकोलवर प्लॅस्टिक आणूच नये, घासलेल्या प्लॅस्टिकची स्थिरवीज कागदावरची पूड उचलते.

सनपॅक शीट : घ्याच

निवडणुकीच्या पाट्या ज्या नळीदार प्लॅस्टिकच्या पत्र्यावर छापतात तो. दुकानात सनपॅक म्हणून मागा, सनबोर्ड म्हणू नका, तो वेगळा आणि जड. 8 बाय 4 फुटी शीट घ्यायची, पाच मिलिमीटर जाडीची पुरे, तीनची वाकते.

साधा पाच पदरी पुठ्ठा इथं का नको, तर पुठ्ठ्याची ताकद ओलीने जाते. नव्वद टक्के आर्द्रतेत त्याची दाब सोसण्याची शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. खालचं खोकं बसतं आणि वरचं कलंडतं. आंब्याची पुठ्ठ्याची खोकी जाड आणि फुकट मिळतात म्हणून मोह होतो, पण त्यांना हवेसाठी भोकं असतात आणि रसाचा एखादा डाग असला तरी मुंग्या येतात. लाकडी पेट्यांत खिळ्यांची टोकं आत आलेली असतात आणि पेंढ्यातून ओल, किडे दोन्ही येतात. आंब्याची पेटी आंब्यासाठीच ठेवा.

सनपॅक पाणी पीत नाही, ओल्या लादीवर टेकवला तरी चालतो, आणि नीट कापला तर दहा प्रदर्शनं काढतो. हिशोब असा : 22 बाय 34 च्या फ्रेमला 24 बाय 36 इंचांचा तुकडा हवा, म्हणजे चारही बाजूंनी इंचभर संरक्षण. 96 बाय 48 इंचांच्या शीटमध्ये असे पाच तुकडे बसतात : चार तुकडे 72 बाय 48 च्या भागातून, पाचवा उरलेल्या 24 बाय 48 च्या पट्टीतून आडवा. शेवटी 24 बाय 12 चं जे उरतं त्यातून कोपऱ्यांच्या टोप्या कापायच्या. चित्रं जोडीने बांधायची, तोंडाला तोंड, मध्ये एक तुकडा आणि दोन्ही पाठींना एकेक. जोडीला तीन, वीस जोड्यांना साठ तुकडे, म्हणजे बारा शीट.

दोष आहेत. कापलेली कड धारदार असते, ती कॅनव्हासला चिरते, म्हणून कडेवर मास्किंग टेप फिरवून घ्यावी. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने गाडीत गठ्ठे एकमेकांवरून सरकतात, मध्ये गोधडी हवीच. उन्हात पडून राहिला तर वाकतो. नळ्या उभ्या येतील असं कापलं तर गठ्ठा ताठ राहतो, आडव्या आल्या तर मधोमध दुमडतो. पहिल्यांदा कापणारे नेमके इथं चुकतात.

बबल रॅप, फोम, टेप

बबल रॅपवर लोकांचा विश्वास जरा जास्तच आहे. धक्का तो घेतो, यात शंका नाही. पण फुगे आतल्या बाजूला करून गुंडाळला आणि गाठोडं उन्हात राहिलं तर वार्निशवर आणि ॲक्रिलिकवर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. गुळगुळीत बाजू आत, फुगे बाहेर, आणि तोही कापडाच्या वरून. एसी नसलेल्या हॉलमध्ये खालची कड उघडी ठेवावी म्हणजे आतली हवा हलती राहते. वळवाचा पाऊस लागण्याची शक्यता असेल तर कड बंद करण्यापेक्षा गाडीची ताडपत्री नीट बांधणं जास्त उपयोगी.

पांढरा ईपीई फोम मात्र पूर्ण गुण मिळवतो. पाणी शोषत नाही, कुसळं सोडत नाही, कटरने हवा तसा कापला जातो. एक इंची जाडीच्या शीटमधून एल आकाराचे कोपरे कापून घ्या. तयार कोपरे मिळतात ते अर्धा-पाऊण इंची चौकटीला बसतात, इकडचे फ्रेमवाले वापरतात ती दीड-दोन इंची खोल सागवानी पट्टी त्यात मावत नाही. थर्माकोल नको. त्याचे मणी चौकटीच्या फटीत शिरतात आणि कधीच पुरते निघत नाहीत.

तपकिरी पॅकिंग टेप फक्त सनपॅकवर सनपॅक चिकटवायला. लाकडाला, कॅनव्हासला, चौकटीच्या पाठीला तिचा स्पर्शही नको. उकाड्यात तिचा गोंद पाझरतो आणि पॉलिश घेऊन निघतो. प्रत्येक पट्टीचं शेवटचं टोक अर्धा इंच आत दुमडून ठेवावं, म्हणजे उघडणाऱ्याला कटर चालवावा लागत नाही. पॅकिंग उघडताना कटरने कॅनव्हास फाटणं हा नेहमीचा आणि टाळता येण्यासारखा अपघात आहे. मास्किंग टेप काचेसाठी : इंचभर रुंदीची, काचेवर चौकोनी जाळी करून, चौकटीला न टेकवता. काच फुटली तर तुकडे जागेवर धरले जातात आणि चित्र ओरखडत नाही. मुक्कामी पोचल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी काढावी, आठवडाभर राहिली तर गोंद काचेवर बसतो. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट असेल तर टेप अजिबात नको, आणि ती कोरड्या फडक्याने घासूही नये.

सिलिका जेलबद्दल थोडक्यात. ते बंद पेटीतच काम करतं. उघड्या गठ्ठ्यात टाकलेल्या पुड्या थोड्याच वेळात हवेची ओल पिऊन भरतात आणि मग त्यांचा काही उपयोग नाही. निळे दाणे गुलाबी झाले की संपले, ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा निळे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. सावंतवाडीच्या लाकडी आणि लाखकामाच्या वस्तूंना त्याचा मारा नको, लाकूड एकदम सुकलं की रंगाचा थर तडकतो.

भिंत, खिळे आणि तंगूस

जांभ्या दगडाच्या भिंतीतून खिळा उपटणं हे वेगळं काम आहे. चिरा सच्छिद्र असतो, वरचा चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा त्याला वरवर धरलेला असतो. खिळा सरळ खेचला की त्याच्याबरोबर तळहाताएवढा पोपडा येतो आणि अनामत रक्कम जाते. पकडीखाली सनपॅकचा तुकडा ठेवायचा, खिळा आधी किंचित डावी-उजवीकडे फिरवून सैल करायचा आणि मग भिंतीशी काटकोनात काढायचा. रावल प्लग (स्क्रू धरायला भिंतीत बसवलेली गुल्ली) चिऱ्यातून काढायच्या भानगडीत पडू नये. तो बोथट पंचने दोन-तीन मिलिमीटर आत ठोकावा आणि वर वॉल पुट्टी भरावी. पुट्टी दोनदा भरायची, पहिली भर वाळल्यावर बसते आणि खळगा दिसतो. दमट दिवसांत ती वाळायला वेळ लागतो, त्यामुळे भिंतीचं काम चित्रं उतरल्या उतरल्या सुरू करावं, शेवटाला ठेवू नये.

कमांडसारख्या चिकटपट्ट्या गुळगुळीत ऑइलपेंटच्या भिंतीवर आणि हलक्या फ्रेमसाठी चांगल्या. काढताना फ्रेम खालच्या कोपऱ्यांपासून सोडवायची, मग पट्टीचं शेपूट भिंतीला लगटून सरळ खाली, सावकाश ताणत न्यायचं. पुढे ओढलं की रंग निघतो. चुना लावलेल्या किंवा पोपडे धरलेल्या भिंतीवर त्या लावूच नयेत. तिथं पट्टी धरते ती चुन्याच्या भुकटीला, भिंतीला नव्हे.

किनाऱ्यावर टांगायला सगळ्यांत जास्त वापरला जातो तो तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर. मासेमारीच्या दुकानात कुठल्याही जाडीचा मिळतो, दिसत नाही आणि गंजत नाही, म्हणून लावताना तो आदर्श. उतरवताना तोच घातक. ताणलेला तंगूस कापला की चित्र त्या क्षणी सुटतं आणि दोराचं टोक डोळ्याकडे उसळतं. एकाने दोन्ही हातांनी फ्रेम खालून पेलून इंचभर वर उचलायची, दोर सैल पडला की दुसऱ्याने कापायचा. गाठी सोडवत बसू नका, त्या सुटत नाहीत. साधी जीआय तार वापरली असेल तर ती खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते, तिचे डाग भिंतीवर आणि चौकटीच्या पाठीवर राहतात. पाठीवरच्या स्टेपल आणि डी रिंगही त्याच वेळी तपासाव्यात. पुढच्या प्रदर्शनासाठी स्टेनलेस स्टीलची तार आणि पितळी हुक घेतले तर खर्च एकदाच होतो.

उतरवलेलं चित्र लादीवर थेट टेकवू नये. गुंडाळलेल्या दोन गोधड्या भिंतीपासून हातभर अंतरावर समांतर मांडायच्या आणि त्यांवर फ्रेमची खालची कड. एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) पाठ असलेल्या फ्रेम ओल्या लादीवर तासभर राहिल्या तरी कड फुगू शकते, आणि फुगलेला एमडीएफ परत बसत नाही.

माणसं : कोणाला बोलवावं

चार माणसं लागतात. दोन उतरवायला, एक गुंडाळायला, एक लिहायला. लिहिणारा सगळ्यांत महत्त्वाचा. भिंतीवर असतानाच चित्राचा समोरून आणि उतरल्यावर पाठीचा फोटो, यादीत खूण, जोडीचा क्रमांक सनपॅकवर मार्करने. विकलेल्या, लाल टिकलीच्या चित्रांची वेगळी रांग आधीच लावावी. गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी न्यायला येतं आणि गठ्ठे सोडायची वेळ येते.

मंडप डेकोरेटरची टोळी सर्वांत सहज मिळते. पार्टिशन, स्पॉट लाइट, शिडी, वायरिंग उतरवण्यात त्यांच्याइतकी वेगवान माणसं दुसरी नाहीत, आणि उंचीवर ती निर्धास्त काम करतात. पण त्यांची सवय कनाती आणि बांबूंची आहे. चौकट ते वरच्या पट्टीला धरून उचलतात, म्हणजे सगळं वजन कोपऱ्याच्या सांध्यावर येतं. त्यांना दिवे आणि पार्टिशनच द्या, तेही चित्रं हॉलमधून गेल्यानंतर. दिवे मात्र अर्धा तास आधी बंद करून ठेवावेत, हॅलोजनचा पत्रा हाताला भाजतो आणि गरम काच फुटते.

गावातला फ्रेमवाला हा या कामाला सर्वांत योग्य माणूस, आणि त्याला फार कमी लोक विचारतात. त्याला काच कशी उचलायची हे माहीत असतं, कोपरा सैल झालेला तो हातात घेताच ओळखतो, आणि तडकलेली काच तिथल्या तिथं काढून चित्र वाचवतो. दिवसाची मजुरी ठरवून त्याला आणि त्याच्या एका कारागिराला बोलवावं. अडचण एकच, गणपतीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आणि लग्नसराईत तो मिळत नाही.

कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून येणारे पॅकर्स अँड मूव्हर्स घरसामानात तरबेज असतात. ते चित्र टीव्हीसारखं गुंडाळतात : थेट स्ट्रेच फिल्म आणि वर पुठ्ठा. म्हणजे आधी सांगितलेले दोन्ही दोष एकत्र. त्यांना बोलवायचंच असेल तर आतला थर आपण स्वतः घालून गठ्ठे बांधून द्यावेत आणि त्यांच्याकडून फक्त चढवणं, बांधणं, वाहतूक घ्यावी. करार करताना ‘काच आणि कलाकृती वगळून’ असं वाक्य त्यात आहे का ते बघावं, असेल तर विम्याचा उपयोग शून्य.

रेल्वे पार्सल आणि एसटी पार्सल लहान, फ्रेम नसलेल्या, नळीत गुंडाळलेल्या कामांसाठी ठीक. कोकण रेल्वेच्या बहुतेक स्टेशनांवर गाडी मोजकी मिनिटं थांबते, त्यात माल अलगद उतरवला जाईल ही अपेक्षा धरू नये. काचेचं काही त्यातून पाठवू नका. मोठा सुटा कॅनव्हास पाठवायचा तर हार्डवेअरच्या दुकानातला सहा इंची पीव्हीसी पाइप घ्या, त्यावर कोरा कागद गुंडाळा, आणि कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. रंग आत गेला तर तो दाबला जाऊन सुरकुततो आणि पापुद्रे सुटतात.

गाडी

चाळीस चित्रांना छोटा हत्ती पुरतो. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद. चित्रं उभी ठेवायची, आडवी कधीच नाही, आणि त्यांची लांबी गाडीच्या लांबीला समांतर. आडव्या दिशेने ठेवली तर प्रत्येक ब्रेकला कॅनव्हास पुढे-मागे फडफडतो आणि परशुराम किंवा भोस्ते घाटाच्या वळणांवर गठ्ठा मागून पुढे ढकलला जातो. एक रांग डाव्या फळीला, एक उजव्या फळीला, मध्ये शिल्पांच्या पेट्या आणि गोधड्या ठासून. तळाशी दोन इंचांच्या लाकडी पट्ट्या टाकाव्यात, ताडपत्रीखालून पाणी आलं तर ते खालून वाहून जातं.

बांधायला रॅचेट पट्टा, म्हणजे खटका मागेपुढे करून आवळायचा पट्टा, घ्या. काथ्याचा दोर गाठ पक्की धरतो, पण ओलीने ताण बदलतो, त्याची कुसळं सगळीकडे जातात आणि चौकटीचं पॉलिश घासतं. फक्त ताडपत्रीसाठी तो ठेवावा. पट्टा घट्ट करताना थेट फ्रेमवर नको, शेवटच्या सनपॅकवर एक फळी ठेवून तिच्यावरून.

गाडी ठरवायची ती निदान आठवडाभर आधी. एप्रिल आणि मेमध्ये सगळे टेम्पो आंब्याच्या फेऱ्यांत असतात, मिळाला तर भाडं वाढलेलं असतं आणि हौद्यात पेंढा पडलेला असतो. चढवण्याआधी हौदा झाडून आणि कोरडा करून घेणं ड्रायव्हरवर सोडू नये. गोव्याला किंवा कर्नाटकात माल जात असेल तर न विकलेल्या चित्रांसाठी डिलिव्हरी चलन आणि यादी सोबत द्यावी. माल पन्नास हजारांवरचा असेल तर ई-वे बिलाचं काय ते हिशोबनिसाला आधी विचारून घ्यावं.

शिल्पं आणि लाखकाम

शाडूची न भाजलेली मूर्ती दमट हवेत मऊ पडते, तिला हाताला किंवा मानेला धरून उचलू नका, दोन्ही तळवे पाटाखाली. प्लॅस्टरचंही तेच. काशाच्या किंवा ब्रॉन्झच्या शिल्पाला सुती हातमोजे घालून हात लावण्याचा शिरस्ता इथं निरुपयोगी आहे, पाच मिनिटांत घाम मोज्यातून धातूवर उतरतो. नायट्राइलचे मोजे वापरा आणि घामाने भरले की बदला. खाऱ्या वाऱ्याचं मीठ धातूवर बसलेलं असतं, गुंडाळण्याआधी मऊ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. हिरवी भुकटी सुटताना दिसली तर ती खरवडू नये, फोटो काढून तो नग वेगळा, कोरड्या पेटीत ठेवावा.

सावंतवाडीच्या गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि इतर लाखकाम यांना उष्णता सोसत नाही. एकावर एक रचून टेम्पोत ठेवले तर चिकटतात. प्रत्येक दोन पानांमध्ये सुती कापडाचा तुकडा, सैल, आणि ती पेटी गाडीच्या पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. पिंगुळीच्या चित्रकथीची कागदावरची कामं सपाट न्यावीत, गुंडाळी नको, आणि पोथीसारखी दोन सनपॅकच्या मध्ये बांधताना दाब इतकाच की पानं सरकू नयेत.

पोचल्यावर

गठ्ठे लगेच फोडू नयेत. एसी गाडीतून किंवा घाटावरच्या गारव्यातून किनाऱ्याच्या घरात आलेला गठ्ठा सहा-आठ तास, मोठी पेटी असेल तर चोवीस तास, तशीच ठेवावी. प्लॅस्टिकच्या बाहेर जमलेली ओल वाळली की मग उघडावी. एसी नसलेल्या हॉलमधून आलेले गठ्ठे मात्र त्याच दिवशी सोडून कापडाचा थर काढून टाकायचा, कारण तो आता ओल धरून आहे. चित्रं पंख्याच्या वाऱ्यात, उन्हात नव्हे, पाठ भिंतीपासून दूर ठेवून उभी करावीत.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा पाठी तपासा. बुरशी आधी पाठीच्या बोर्डवर, चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात आणि स्ट्रेचरच्या (कॅनव्हास ताणून बसवलेल्या आतल्या चौकटीच्या) लाकडावर दिसते, पांढुरक्या ठिपक्यांची, कुबट वासाची. दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, त्याने ती पसरते. चित्र इतरांपासून बाजूला काढावं, दोन दिवस कोरड्या हवेत ठेवावं, मग तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने फक्त पाठीची बुरशी झाडावी. रंगाच्या बाजूला ठिपके असतील तर ब्रशही लावू नये, ते काम चित्र-संवर्धकाचं.